नाकतोडे कुळातली खुर्ची

७ ऑक्टोबर, सोमवार

रोजनिशी सुरू. ही कोणी वाचायची नाही. मीसुद्धा रागात असताना वाचायची नाही.

ऑफिसची तोडफोड संपली. इमारत तीच, शहराच्या बुकोतो भागातली, मजला तोच चौथा, पण आत शिरलो तर ओळखेना. भिंती गेल्या. केबिनी गेल्या. माझं टेबल गेलं, त्याच्या खणात कंगवा, मिरचीच्या सॉसची बाटली आणि एक नवा मोजा होता, तेही गेलं. नवे मॅनेजर मिस्टर कासोझी वीस वर्षं टोरंटोला राहून परत आलेत. त्यांचं म्हणणं, भिंतींमुळे माणसं कोती होतात. आता कुणालाच स्वतःची जागा नाही. सकाळी सहाला फोनवर ॲप उघडतं. ज्याला जी खुर्ची मिळेल ती त्याची, त्या दिवसापुरती.

प्रत्येक टेबलावर दांडीवर एक छोटा दिवा. आवाज चढला की पिवळा, आणखी चढला की लाल. आमचं काम म्हणजे कंपनीचे सौर कंदील ज्यांनी घेतलेत त्यांचे फोन घेणं. कंदील लागत नाही, कंदील विझत नाही, कंदील बकरीनं पाडला. मी नुसतं हॅलो म्हणालो आणि माझा दिवा लाल झाला. यंत्र बिघडलंय. तसं कळवलं. यंत्र ठीक आहे असं उत्तर आलं. उत्तर यंत्रानंच दिलं होतं.

पण खरी बातमी वेगळी. भिंत गेल्यामुळे पलीकडची माणसं दिसली. ज्या भिंतीला पाठ टेकून मी वर्षभर बसलो, तिच्या पलीकडे नाल्वोगा बसायची. वर्षभर! मध्ये फक्त एक वीट. आज ती वीट नव्हती आणि माझं जे व्हायचं ते झालं.

नाताळपर्यंत टीम लीडर व्हायचं. नाताळपर्यंत नाल्वोगाच्या घरी मागणी घालायची. आणि चिडायचं नाही. कॉलेज सोडलं तेही मी चिडून नाही, तत्त्वावरून सोडलं. प्राध्यापकाच्या अंगावर पडलेला खडू तत्त्वाचाच भाग होता.

८ ऑक्टोबर, मंगळवार

चौकशी केली. माझं जन्माचं कुळ वेगळं, तिचं वेगळं. उत्तम. एका कुळातली मुलं-मुली म्हणजे सख्खी भावंडंच, तिथे प्रेमबिम चालत नाही, आजवर कुणाचं चाललेलं नाही. मी उतावळा असेन, पण मूर्ख नाही. आधी कुळ बघतो, मग प्रेम करतो. म्हणजे प्रेम आधी झालं होतं, पण चोवीस तासांच्या आत बघितलं.

खुर्ची मिळाली प्रिंटरशेजारी. ती पार त्या टोकाला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. दिवसभर विचार करून योजना आखली: ती परवा जिथे बसली होती त्याच्या शेजारची खुर्ची पकडायची. आज सहाच्या ठोक्याला पकडली. ती आज दुसरीकडेच बसली. मी ज्या रिकाम्या खुर्चीकडे बघून दिवसभर हसत होतो, तिथे दुपारी हिशेबखात्याचा एक टकलू येऊन बसला. त्याचा गैरसमज झाला असावा. जाताना त्यानं मला केळं दिलं.

तिच्या शेजारी कावीसा. काल नाही, पण परवाही कावीसाच होता. हा कावीसा उंच, हडकुळा, तोंडातून शब्द काढायचे म्हणजे त्याला उसने आणावे लागतात. त्याला विचारलं, रोज कशी रे मिळते ही जागा? तर म्हणाला, मिळते बाबा. बस्स. मिळते बाबा! माझा दिवा लाल झाला, आणि मी तर त्या वेळी टेबलापाशीही नव्हतो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दिव्यावर उपाय सापडला. आवाज पकडणाऱ्या जाळीवर पायातला मोजा काढून चढवला. सकाळभर मनसोक्त बोललो. मसाकाच्या एका म्हातारीला कंदील उन्हात ठेवायचा असतो, पलंगाखाली नाही, हे तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे तिला पटलं. दिवा हिरवागार.

दुपारी ॲपवर निरोप आला: तुमचं टेबल नेहमीपेक्षा फार शांत आहे. तुम्ही बरे आहात ना? पाठोपाठ मिस्टर कासोझी स्वतः पाण्याचा पेला घेऊन आले. खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, मन मोकळं कर, इथे सगळं मोकळंच आहे. मग त्यांना मोजा दिसला. दोन बोटांनी त्यांनी तो उचलून धरला. म्हणाले, टोरंटोत असं कुणी केलं नव्हतं.

म्हणजे कल्पकता त्यांच्या नजरेत भरली. टीम लीडरकीच्या दृष्टीनं चांगलं लक्षण.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा सगळं बदललं. कासोझींच्या पाहणीत निघालं की स्वतःची जागा नसल्यामुळे लोकांचा जीव रमत नाही. तर भिंत परत बांधतील की नाही? नाही. म्हणाले, आपल्या आजोबा-पणजोबांनी माणसं कशी बांधून ठेवली होती? कुळांनी! तर आता मजल्याची चार कुळं. प्रत्येकाचं देवक वेगळं. खिडकीपाशी सारस कुळ, जिन्यापाशी हत्ती, मध्ये मासा आणि स्वयंपाकघराशेजारी नाकतोडे. भिंतीवर चित्रं. नाकतोडा कपाटाएवढा काढलाय, ते डोळे बघून भूक मरते.

नावं कॉम्प्युटरनं काढली. ॲपवर आता फक्त आपल्या कुळातलीच खुर्ची मिळणार. मी सारस. नाल्वोगा नाकतोडे. कावीसा नाकतोडे.

हा अन्याय आहे हे सांगायला कासोझींकडे गेलो. त्यांना केबिन नाही, त्यामुळे दार नाही, त्यामुळे आपटता आलं नाही. राग अंगातच राहिला. संध्याकाळपर्यंत मजल्यावर फेऱ्या मारल्या. चपलांच्या आवाजानं मासा कुळाचे चार दिवे पिवळे केले.

१६ ऑक्टोबर, बुधवार

खिडकीची हवा छान आहे म्हणे. मला हवा नको आहे.

आज जेवणाच्या वेळी मजा झाली. आमच्या खानावळीच्या नालोंगो — जुळ्या मुलांची आई म्हणून त्यांना सगळे नालोंगोच म्हणतात, ऑफिसात कासोझींचं एकवेळ ऐकणार नाहीत, पण त्यांचं ऐकतात — मटोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा वाफवलेला लगदा, वाढता वाढता त्यांनी डाव थांबवला आणि मोठ्यानं विचारलं, अरे, कुळं केलीत ना? मग कुळाचं कुळासारखं वागा. एका कुळातल्यानं एका कुळातलीकडे तसल्या नजरेनं बघायचं नाही हं, सांगून ठेवते. आणि ज्याचं जे देवक, ते त्यानं खायचं नाही. मासेवाल्यांनो, ताटातला मासा परत द्या!

सगळा मजला हसला. मासा कुळातल्या दोघांनी खरंच मासा परत दिला. हसता हसता दिला, पण दिला.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड. कावीसा नाकतोडा. नाल्वोगा नाकतोडी. म्हणजे कावीसा आता तिचा भाऊ! बस तिच्या शेजारी, बाबा, हवा तितका बस. त्याच्याकडे बघितलं. त्याचं मटोके ताटात तसंच. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, काय मेहुणे, जेवत का नाही?

ताट तसंच ठेवून तो उठला. बिचारा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कुळांची शपथ. कासोझींनी टोपलीत ओली कॉफीची फळं आणवली. एका फळात दोन बिया असतात. दोघा-दोघांनी एक फळ फोडायचं, एकेक बी चावायची, आणि ते दोघं एकमेकांचे जोडीदार: अडीअडचणीला, रजेला, हेडसेट बिघडला तर. कासोझी म्हणाले, ही आपली जुनी चाल आहे, माझ्या आजीनं सांगितलेली. आवाज भरून आला होता. नालोंगो दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांच्याच परसातली फळं.

मी नेमका मुबेंडेच्या एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. तो म्हणे, कंदील रात्री लागतच नाही. मी म्हणालो, बटण दाबा. तो म्हणे, कुठलं बटण? अर्धा तास. माझी शपथ राहून गेली. पण मान वळवून सगळं बघत होतो.

नाकतोडे कुळात नाल्वोगाचा जोडीदार कावीसा ठरला होता. तर कावीसा गायब. पोटात कळ आली म्हणे, संडासात जाऊन बसला. शपथ संपेपर्यंत बाहेर आलाच नाही. नाल्वोगा फोडलेलं फळ तळहातावर घेऊन उभी. शेवटी कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

भित्रा माणूस. कॉफीच्या एका बीला घाबरला!

२१ ऑक्टोबर, सोमवार

खिडकीत बसून फोन घेतोय पण चित्त नाकतोड्यांत. पाय सारखा हलतो. शेजारचा म्हणाला, लुब्वामा, टेबल धडधडतंय. म्हटलं, टेबलाला हृदय आहे.

प्रश्न साधा आहे. तिच्यापर्यंत जायचं तर तिच्या कुळात जायला हवं. नियम वाचले. अदलाबदल करता येते, वर्षातून एकदा, दोघं राजी असतील तर. म्हणजे एक नाकतोडा बाहेर काढायचा. कुठला काढायचा ते उघड आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कावीसाला जिन्यात गाठलं. फार हुशारीनं सुरुवात केली. म्हटलं, तुझी तब्येत बरी दिसत नाही, स्वयंपाकघराचा धूर बाधतोय, खिडकीत ये, हवा आहे, लांबवर टेकडी दिसते, तुझ्यासाठी मी नाकतोडे कुळाचा त्रास सोसतो. मला वाटलं होतं, दोन आठवडे मागे लागावं लागेल.

त्यानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, खरंच? करशील? मी म्हटलं, माणुसकी म्हणून. तो म्हणाला, नक्की ना, मागे नाही ना फिरणार? डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. धुराचं असेल, जिन्यातही येतो.

खाली नेऊन गाडीवरचं रोलेक्स खाऊ घातलं मला, अंडी घालून गरम चपातीत गुंडाळलेलं. वर दुसरं. गिऱ्हाईक एवढं भोळं असतं तर या कंपनीनं चंद्रावर कंदील विकले असते.

२८ ऑक्टोबर, सोमवार

अदलाबदल मंजूर. कासोझी म्हणाले, कुळ बदलणं ही साधी गोष्ट नाही, नीट विचार केलास ना? मी म्हटलं, साहेब, मी जन्मात विचार केला असेल तर याच गोष्टीचा.

ते म्हणाले, मग शुक्रवारी शपथ. नाल्वोगाच्या जोडीदाराची जागा अजून रिकामीच आहे.

रिकामीच आहे! वर देव आहे. त्याच्याकडेही ॲप असावं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं.

नव्या शर्टात गेलो. नाल्वोगानं फळ फोडलं. तिच्या बोटांना गर लागला होता. एक बी तिनं घेतली, एक मला दिली. एका फळाच्या दोन बिया! एकाच वेळी चावायच्या, नजरेला नजर देऊन. मी एवढ्या जोरात चावली की कासोझी दचकले. कडू. अंगावर काटा आला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं वाजवल्या कावीसानं, सारस कुळातून, खिडकीत उभा राहून. नालोंगोंनी तर चक्क तो बायकांचा उलूलू आवाज काढला, लग्नात काढतात तसा. मजल्यावरचे सगळे दिवे लाल.

आणि नाल्वोगा हसली. मनापासून. सुटल्यासारखी.

ही शुभचिन्हं नाहीत तर काय?

४ नोव्हेंबर, सोमवार

जोडीदार असल्यामुळे ॲप आता मला आपोआप तिच्या शेजारी बसवतं. सहाला उठायची गरज नाही. तरी उठलो.

ती फोनवर कसं बोलते! मसाकाची तीच म्हातारी आज तिच्याकडे आली होती, तीच पलंगाखालचा कंदीलवाली. नाल्वोगानं आधी तिच्या नातवंडांची चौकशी केली, मग कोंबड्यांची, मग पावसाची, मग कंदिलाची. म्हातारी आपणहून म्हणाली, उन्हात ठेवते गं बाई. दिवा हिरवाच.

माझा पाय हलत होता. तिचा चहा बशीत सांडला. ती म्हणाली, दादा, पाय.

दादा. खेड्याकडच्या मुली आदरानं म्हणतात तसं. आदर ही पहिली पायरी असते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नाकतोड्यांचा हंगाम सुरू झाला. रस्तोरस्ती पंख काढलेले ताजे नाकतोडे, आणि आज खानावळीत कांदा-मिरची घालून कुरकुरीत परतलेले. जिन्यापर्यंत वास. मी ताट पुढे केलं, तर नालोंगोंनी डाव मागे घेतला. म्हणाल्या, तुझं देवक आहे ना? मी म्हटलं, नालोंगो, ते ऑफिसचं. त्या म्हणाल्या, मग तू काय घरी बसलायस का? ऑफिसातच आहेस. चल पुढे.

समोर कावीसा बसून वाटीभर खात होता. सारस सगळं खाऊ शकतात. त्यानं मला एक देऊ केला. मी घेतला असता, पण नाल्वोगा म्हणाली, दादा नाही खायचा हं, आपलं देवक. आणि तिनंही खाल्ला नाही. तिनं माझ्यासाठी खाल्ला नाही! आम्ही दोघांनी मिळून उपास केला. कावीसा एकटाच कुरुमकुरुम करत बसला होता. दया आली मला त्याची.

११ नोव्हेंबर, सोमवार

महत्त्वाचा शोध: नालोंगो ही नाल्वोगाची सख्खी आत्या! बापाची बहीण! आपल्यात मुलीचा सगळा कारभार आत्याच्या हातात. मुलाला घरात कोण नेणार? आत्या. ओळख कोण करून देणार? आत्या. एवढी मोठी खबर, आणि ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होती, मी सोडून. भिंती पाडून काय उपयोग.

उद्याच नालोंगोंशी रीतसर बोलतो. दोन किलो साखर घेऊन जाईन. न चिडता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं पान रागात लिहितोय.

जेवणं आटोपल्यावर गेलो. साखर ठेवली, खाली बसलो, रीतसर सगळं बोललो: घराणं, जन्माचं कुळ, पगार, स्वभाव. स्वभावाबद्दल थोडक्यात बोललो.

नालोंगोंनी भांडं घासायचं थांबवलं. म्हणाल्या, पोरा, तुला बरं वाटत नाहीये का? भावानं बहिणीला मागणी घातल्याचं मी पहिल्यांदाच ऐकतेय.

मी म्हटलं, भाऊ कोण? त्या म्हणाल्या, तू कोण? माझ्या परसातल्या फळाची एक बी तिनं चावली, एक तू चावलीस, माझ्या डोळ्यांदेखत, शंभर माणसांसमोर. जुन्या काळी परक्याला भाऊ करायचा असला की नेमकं हेच करायचे. तुझ्या आजोबाला विचार. एका बीची भावंडं म्हणजे एका पोटची भावंडं. वर तुम्ही दोघं एकाच देवकात.

मी म्हटलं, अहो, ते देवक कॉम्प्युटरनं दिलंय! त्या म्हणाल्या, देवक कॉम्प्युटरचं असेल रे, बी कॉम्प्युटरची नव्हती.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. त्यावर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, कावीसाला, काय मेहुणे, जेवत का नाही, असं तूच ओरडला होतास ना? मग? तुझ्या भोवती ढगफुटी झाली तरी तुझीच टोपी कोरडी राहणार होती का?

साखर त्यांनी ठेवून घेतली. म्हणाल्या, आणलीस तर असू दे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

परत सारस व्हायचा अर्ज केला. नियम: वर्षातून एकदाच. मी कासोझींसमोर उभा राहून सांगितलं की साहेब, ही कुळं खोटी आहेत, ही शपथ खोटी आहे, पण ऑफिसातल्या लोकांनी ती खरी धरली आहे आणि त्यात माझं आयुष्य जाणार आहे. दिवा नव्हता जवळ, नाहीतर फुटला असता.

कासोझींनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, लुब्वामा, मी इतकी वर्षं वाट बघत होतो की कुणीतरी हे मनावर घेईल. बाकीचे फक्त खुर्च्या बघतात. तू कुळासाठी रडतोयस.

मला नाकतोडे कुळाचा प्रमुख केलं. टीम लीडरच्याच दर्जाचं पद आहे. पगार तोच.

एक संकल्प तर नाताळच्या आधीच पुरा झाला म्हणायचा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आजोबांना फोन केला. बीबद्दल विचारलं. ते म्हणाले, हो, तसंच असायचं. मग म्हणाले, बरं झालं, तुला एक बहीण हवीच होती. ठेवला फोन.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नाल्वोगानं आज चहा आणून दिला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, दादा, एक सांगू का, चिडू नकोस.

कावीसा. दीड वर्षापासून. भिंत होती तेव्हापासून, एकाच बाजूला बसत होते ते दोघं. सगळं ठरत आलं होतं, तेवढ्यात कासोझींची कुळं निघाली आणि कॉम्प्युटरनं दोघांना एका देवकात घातलं. आत्या अडून बसल्या. म्हणाल्या, आधी त्याला त्या कुळातून बाहेर काढ, मग बोल. तो शपथेच्या दिवशी संडासात जाऊन बसला म्हणून निभावलं. पण त्याच्याशी अदलाबदल करायला कुणी तयार नव्हतं. नाकतोड्यांच्या बाजूला कोण येणार, स्वयंपाकघराचा धूर!

आणि मग तू आलास, ती म्हणाली. देवासारखा.

मी टेबलावरच्या दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवा.

मग म्हणाली, सात डिसेंबरला ओळखीचा समारंभ आहे गावी, मुलाकडचे मागणी घालायला येणार. माझे दोन्ही भाऊ दुबईला, रजा नाही. कोंबडा घ्यायला भाऊ लागतो. आत्या म्हणाल्या, आहे की तुझा भाऊ, शेजारीच बसतो.

मी म्हटलं, बघतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

बघितलं. जाणार.

आणि सगळ्या गावासमोर कोंबडा नाकारणार. मुलाकडचे तो कोंबडा भावाच्या हातात देतात. भावानं घेतला नाही तर काही पुढे सरकत नाही. तिथे भाषण करीन. खुर्च्या, ॲप, बी, सगळं काढीन. कावीसाला सांगीन, तुझी पोटदुखी मला माहीत आहे.

भाषण पाठ करतोय. शेअर टॅक्सीत मोठ्यानं म्हटलं. शेजारची बाई उतरून मागच्या टॅक्सीत बसली.

५ डिसेंबर, गुरुवार

भाषण तयार. शेवट जबरदस्त आहे: भाऊ म्हणता ना? मग भाऊ म्हणूनच नाही म्हणतो!

पांढरा पायघोळ कान्झू आणला, वर काळा कोट. आरशात बघितलं. भाऊच दिसतो. म्हणजे कुणाचाही भाऊ.

कावीसा आज खिडकीतून उठून माझ्यापाशी आला. माझा हेडसेट उचलून बघितला, परत ठेवला. मग म्हणाला, हवा छान आहे रे तिथे. मी म्हटलं, माहीत आहे.

७ डिसेंबर, शनिवार. घरी परत आल्यावर

मांडव, दोन बाजूंना दोन घराणी, फुगीर बाह्यांच्या पायघोळ गोमेसी घातलेल्या बायका, टोपल्या. त्यांच्या बाजूचा बोलणारा आणि आमच्या बाजूचा बोलणारा यांची जुगलबंदी. आमचा म्हणाला, कोण तुम्ही, रस्ता चुकलात का? त्यांचा म्हणाला, रस्ता नाही चुकलो, आमच्या पोराचं काळीज इथे हरवलंय, शोधायला आलोय. सगळे हसले. मीही हसलो असेन, तोंड दुखतंय. आमचा म्हणतोय मी. आमचा.

मग रीतीप्रमाणे आत्या म्हणून नालोंगोंनी गर्दीतून कावीसाला बरोबर शोधून काढलं, उंच असल्यामुळे अवघड गेलं नाही. मग कोंबडा. लाल, मोठा, पाय बांधलेला. कावीसानं दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. ढोल थांबले. मी उभा राहिलो. भाषण पहिल्या शब्दापासून आठवत होतं.

तेवढ्यात नाल्वोगा पुढे आली आणि गुडघे टेकून बसली, थोरल्या भावासमोर बसतात तशी. मान खाली. ऑफिसात तिची मान कधी खाली बघितली नाही.

कोंबडा निसटत होता. कावीसाला धड धरता येत नव्हता. पडला असता. म्हणून मी घेतला.

उलूलू, ढोल, कुणीतरी माझी टोपी उडवली. नालोंगोंनी ताटभर वाढलं आणि म्हणाल्या, आवाज आहे हो पोराला, पण आज शहाण्यासारखा गप्प राहिला. मी म्हटलं, घसा बसलाय.

८ डिसेंबर, रविवार

कोंबडा किरेकाच्या माझ्या खोलीत. हा भावानं खायचा असतो, बहिणीनं शिवायचाही नसतो. मी खाणार नाही. तत्त्व. दोरी सोडली, दार उघडलं, म्हटलं, जा, मोकळा आहेस. गेला नाही. खुर्चीखाली जाऊन बसला.

दुपारी नाल्वोगाचा फोन. दादा, खाल्लास ना? आत्या सकाळपासून विचारतायत, भावानं कोंबडा खाल्ला नाही तर मुलीच्या संसारात पहिल्या दिवसापासून कुरबूर म्हणे. आवाज नेहमीसारखा, हळू. मागे कुणीतरी बोलत होतं, आणि चक्क बरंच बोलत होतं. कावीसाच असणार.

मी म्हटलं, खाल्ला.

ती म्हणाली, कसा होता?

म्हटलं, छान होता.

फोन ठेवल्यावर मी आणि कोंबडा एकमेकांकडे बघत बसलो. मग शेजारच्या बाईंकडून सुरी मागून आणली.

संध्याकाळी

चिवट होता. सगळा संपवला.